भाषेला तारण कोण देणार?

परदेशी भाषेचे जुजबी ज्ञान आज सर्वांना हवे आहे; त्या भाषेच्या सखोल अध्ययनाचा खर्च मात्र कोणालाच उचलायचा नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा 10,000 तरुणांपासून आरंभ करावयाचा आणि त्यांना जर्मन भाषा शासनाने शिकवावयाची, असे ठरले. हेतू स्तुत्य आहे. परंतु या तरुणांना शिकविणारा शिक्षक कोठून येणार आणि तो स्वतः कोणाच्या पैशाने शिकणार, याचाही विचार व्हावयास हवा.

जर्मन विषय घेऊन पुण्यात किंवा मुंबईत एम. ए. होता येते, आणि येथील अध्यापनाची परंपराही सामान्य नाही. तरीही जिची भाषा शिकवावयाची त्या समाजात दोन वर्षे राहून तिचे वाङ्मय आणि अध्यापनशास्त्र आत्मसात करणे, याला पर्याय नाही. जर्मनीत शिक्षण फुकट आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धाच खरा. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. पण ज्या राज्याशी आपण करार केला, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गनेच 2017 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांवर दर सत्राला 1,500 युरो शुल्क बसविले. चार सत्रांचे 6,000 युरो झाले. शुल्क नसेल तेथेही निर्वाहाचा खर्च चुकत नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम बहुधा एका बंदिस्त खात्यात आगाऊ भरून दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो करण्यात आली. युरोचा भाव 100 रुपये धरला, तरी हे जवळजवळ 12 लाख रुपये होतात. हे पैसे दरमहा 992 युरोप्रमाणे विद्यार्थ्यालाच परत मिळतात, हे खरे. पण आधी ते उभे करावे लागतात, आणि नेमके तेथेच शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरातील मुलाचे पाऊल अडते.

बँकेकडे जावे, तर तेथील दृष्टी वेगळी. भारतीय बँक संघाच्या शैक्षणिक कर्जाच्या 2015 च्या नमुना योजनेत परदेशातील पदव्युत्तर शिक्षण म्हणून एमसीए, एमबीए, एमएस यांचा नामनिर्देश आहे आणि पुढे 'इत्यादी' आहे. भाषेच्या पदवीने त्या 'इत्यादी'त जागा शोधावयाची. शिवाय साडेसात लाखांवरील कर्जाला त्या योजनेनुसार तारण लागते. म्हणजे बंदिस्त खात्याची रक्कमच तारणाची मर्यादा ओलांडते. ज्याच्या नावावर घर नाही, त्याने भाषाही परवडेल तेवढीच शिकावी, असा याचा अर्थ होतो.

तेथे काम करून शिकावे, असा सल्ला दिला जातो. मार्च 2024 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, आणि कष्टाला कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण काम मिळते ते पोहोचल्यावर. पैसे दाखवावे लागतात ते निघण्यापूर्वी. आणि भाषेचा अभ्यास म्हणजे मुख्यतः वाचन. जो वेळ गोदामात खोकी उचलण्यात जातो, तो ग्रंथालयातूनच वजा होतो.

येथील शाळांना छप्पर नसताना परदेशी भाषांवर सार्वजनिक पैसा का खर्चावा, हा आक्षेप गंभीर आहे. पण येथे दान मागितलेले नाही. हवा आहे तो एक फिरता निधी: शासनाने किंवा विद्यापीठांनी बंदिस्त खात्याची रक्कम तारणाविना उसनी द्यावी, विद्यार्थ्याने परतल्यावर ती हप्त्यांनी फेडावी, किंवा शासनाच्याच भाषावर्गांत ठरावीक वर्षे शिकवून फेडावी. फिटलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी यावी.

ही कल्पना नवी नाही. सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, ते परतल्यावर बडोदे संस्थानाची सेवा करण्याच्या अटीवर. ती सेवा त्यांना जातिभेदाने पुरी करू दिली नाही, हा दोष समाजाचा होता, योजनेचा नव्हे. एका संस्थानिकाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उमगले, ते लोकशाही शासनाला उमगू नये काय? परक्या देशात माणसे पाठविण्याचा करार करणाऱ्याने त्या माणसांच्या तोंडी भाषा घालणाऱ्याची तरतूदही करावयास हवी. ती झाली नाही, तर करार कागदावर राहील आणि तरुण मात्र मुका राहील.