सवच्या मुलांचं ‘स्प्रिंग’

‘स्प्रिंग’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न आला की वहीतलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. वसंत ऋतू येतो, फुलं फुलतात, कोकिळा गाते. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, गुण पूर्ण. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे. तिथल्या मुलानेही हेच वाक्य पाठ करून लिहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा शब्द त्याच्या गावात जमिनीतून वर येतो, आणि आपण त्याला दुसऱ्याच्या ऋतूचं वाक्य देतो.

सव ओळखलं जातं ते गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. कोकणात अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात. भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून पालीजवळचं उन्हेरे, मग सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वरकडचं तुरळ आणि खाली राजापूरचं उन्हाळे, अशी या झऱ्यांची सह्याद्रीच्या पायथ्याशी ओळच लागलेली आहे. निम्म्या गावांच्या नावातच ऊन पाणी आहे. इथे जवळपास कुठे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. मराठीत उन्हाळा हा ऋतू आणि उन्हाळं हा झरा. इंग्रजीतही ऋतू आणि झरा एकाच शब्दात राहतात, आणि त्यातला झरा थोरला आहे. उसळून वर येणं हा मूळ अर्थ, त्यावरून पाण्याचा उगम. पालवी फुटण्याचा ऋतू काही शतकांनी मागून आला. सवच्या मुलाला हा शब्द शिकवायला चित्रसुद्धा काढावं लागत नाही.

आता वाक्य. ‘देअर इज अ हॉट स्प्रिंग इन सव.’ यातला ‘अ’ आपली मुलं हमखास गाळतात, कारण मराठीला तो लागत नाही. पण झरा मोजता येतो, म्हणून एक असेल तर ‘अ’ हवा आणि अनेक असतील तर ‘देअर आर हॉट स्प्रिंग्ज’. ऋतूसाठी मात्र नुसतं ‘इन स्प्रिंग’ चालतं. ‘हॉट वॉटर स्प्रिंग’ असंही आपल्याकडे सर्रास लिहितात. ते चूक नव्हे, पण त्यातलं ‘वॉटर’ जादाचं आहे. नदीच्या बाबतीत थोडं जपावं लागतं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते हे सांगताना ‘स्प्रिंग्ज’ हे क्रियापद वापरण्याचा मोह होतो, पण इंग्रजी माणूस तिथे ‘राइजेस’ म्हणतो, आणि नदीच्या नावाआधी ‘द’ लावतो. ‘द सावित्री राइजेस ॲट महाबळेश्वर.’ असे बारकावे नियमांच्या यादीतून मनात राहत नाहीत. ओळखीच्या गोष्टीबद्दल वाक्य केलं की राहतात.

महाड-पोलादपूरच्या मुलांना या शब्दाचा आणखी एक अर्थ माहीत असलाच पाहिजे, तो म्हणजे ‘स्प्रिंग टाइड’. याचा वसंताशी काहीही संबंध नाही. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात आणि त्या सुमारास समुद्राला जी मोठी भरती येते ती ही. आपण तिला उधाण म्हणतो, आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग. उधाण वर्षभर, दर पंधरवड्याला येतं. ‘वसंतातली भरती’ असा अर्थ ज्याने केला, त्याला आषाढातल्या उधाणाची सूचना कळणारच नाही.

आणि महाडला ती कळावी लागते. बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी सावित्रीत आत शिरतं. याच पाण्यावर महाड एके काळी बंदर होतं. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना खाली समुद्र फुगलेला असेल, तर पुराला उतरायला वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. पूर आला तो अतिवृष्टीने, पण दोनच दिवसांनी गुरुपौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला उधाण यायचे ते दिवस होते. आज हवामानाचे आणि भरतीचे कितीतरी इशारे इंग्रजीत निघतात आणि तसेच मोबाइलवरून पुढे ढकलले जातात. घरात ते वाचून आजीला समजावणारं माणूस अनेकदा शाळकरी पोरच असतं.

राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हापासून शाळेत गेलेली पहिली मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत. इतक्या वर्षांनंतरही ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न गाईडमधलं वाक्य उतरवून सुटत असेल, तर मुलाला शब्द आला असं मी मानणार नाही. ज्या वाक्यात बोलणाऱ्याचं स्वतःचं काही नाही, ते परीक्षेनंतर विसरलं जातं. मुलाने सवच्या झऱ्यावर लिहिलेलं वाक्य थोडं वाकडं असलं, ‘अ’ सुटलेला असला, तरी शिक्षकांनी त्याला गाईडच्या वाक्यापेक्षा जास्त गुण द्यावेत आणि मग तो ‘अ’ शेजारी बसवून दाखवावा.

महाड आणि पोलादपूर तालुक्यातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. जूनमध्ये शाळा उघडली की भरती-ओहोटीचं वेळापत्रक वर्गात लावा. अमावास्या-पौर्णिमा मुलांना कालनिर्णयमध्ये शोधू द्या आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक उधाणाच्या तारखेचं एक एक इंग्रजी वाक्य त्यांच्याकडून लिहवून घ्या: ‘देअर विल बी अ स्प्रिंग टाइड’, आणि पुढे ‘ऑन’ लावून ती तारीख.