हयातीचा दाखला

श्रीत्र्यंबकेश्वर हे क्षेत्र मृतांच्या सोयीसाठी प्रसिद्ध आहे, असे म्हटले तर क्षेत्रस्थ मंडळींनी रागावू नये. ज्योतिर्लिंगाचे दर्शन व कुशावर्ताचे स्नान यांसाठी येणारे यात्रेकरू पुष्कळ, हे खरे. परंतु नारायणनागबळीसाठी तीन तीन दिवस मुक्काम करणारी आणि त्रिपिंडी श्राद्धासाठी परप्रांतांतून येणारी कुटुंबे पाहिली, म्हणजे ज्यांचे या जगातील हिशेब अपुरे राहिले अशा गेलेल्या माणसांची येथे किती कळकळीने वास्तपुस्त होते, हे ध्यानात येते. या विधींवर आमचा स्वतःचा विश्वास कितपत आहे, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. एका आप्ताच्या त्रिपिंडीच्या निमित्ताने गेल्या वर्षी आम्हीही तेथे गेलो होतो.

घराण्याच्या उपाध्यायांनी आमचे मूळ गाव व आडनाव विचारले, कापडात बांधलेली जाडजूड नामावळी सोडली, आणि पुढ्यातला चहा निवण्याच्या आत आमच्या आजोबांची नोंद काढून दिली. शके १८६६, म्हणजे १९४४ सालचा सिंहस्थ. आजोबांची मोडी वळणाची सही, खाली बरोबरच्या मंडळींची नावे, आणि सर्वांत शेवटी आमच्या आत्यांचे नाव, ‘कन्या, वय ६’. आम्ही लगबगीने त्या पानाचे छायाचित्र घेतले. उपाध्यायांस ती पूर्वजभक्ती वाटली असावी. खरे कारण निराळे होते. त्या पानावरची सहा वर्षांची मुलगी, आज सत्त्याऐंशी ओलांडलेल्या आमच्या आत्या, त्या वेळी सरकारदप्तरी जिवंत नव्हत्या.

मृत होत्या असेही नव्हे. मृत असत्या तर निदान कोठे तरी तशी नोंद सापडली असती. जिवंत व मृत यांच्या मधली एक तिसरी अवस्था अलीकडच्या राज्यकारभाराने निर्माण केली आहे. त्या अवस्थेत आत्या सात महिने होत्या.

हकीकत अशी. आत्या निपुत्रिक, विधवा. सासर याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका तालुक्यात. कोणत्या, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. कचेरीचे नाव छापून एखाद्या कारकुनाची शोभा करण्याची आमची इच्छा नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून त्यांच्या बँकेतील खात्यावर महिना १,५०० रुपये जमा होत. एका महिन्यात ते आले नाहीत. ‘सरकारची काही अडचण असेल’ असे समजून त्या दोन महिने गप्प बसल्या, आणि तिसऱ्या महिन्यात संकोचाने आम्हांस निरोप पाठविला.

चौकशीअंती समजले की यंदा हयातीचा दाखला नोंदला गेलेला नाही. दाखला देण्यास आत्या गेल्या होत्या. पण ज्या हातांनी साठ वर्षे निंदणी-खुरपणी केली आणि राखेने भांडी घासली, त्या हातांवरच्या रेषा यंत्रास सापडेनात. दहाही बोटे लावून झाली, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लावून झाली. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तोही मार्ग खुंटला. केंद्राने बँकेकडे पाठविले, बँकेने कचेरीकडे, कचेरीने पुन्हा केंद्राकडे. पाचव्या खेपेस आम्ही बरोबर होतो. कारकून भला माणूस. तो म्हणाला, “आजी, तुम्ही मला दिसता हो, पण यंत्रात येत नाही, त्याला मी काय करू?” आत्या म्हणाल्या, “मग बाबा, त्या यंत्राला सांग, मी येऊन गेले म्हणून.”

तीस वर्षे महाविद्यालयात बर्क आणि मिल शिकविणारे आम्ही! राज्यसंस्थेची कर्तव्ये या विषयावर आमची टिपणे विद्यार्थी पाठ करतात. त्या खिडकीपुढे आम्हांस एक धड वाक्य सुचले नाही.

पुढे नाव यादीतून गळाले, आणि नवा अर्ज करा, वयाचा पुरावा जोडा, असे सांगण्यात आले. शाळेचा दाखला नाही. आत्या शाळेत गेल्याच नाहीत. तेव्हा आम्ही त्र्यंबकचे ते पान दाखविले. कारकुनाने ते मोठ्या कौतुकाने पाहिले, आपल्या गावाचे उपाध्याय तेथे कोण असतील याचीही विचारणा केली, आणि कागद परत दिला. त्यास मान्यता नव्हती.

आता येथे आमचा मुद्दा येतो. तो एकच आहे: माणूस जिवंत आहे हे शाबीत करण्याचा भार त्या माणसावर असू नये. तो मेला आहे, असे ज्याला म्हणावयाचे असेल त्याने ते शाबीत करावे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्याने प्रत्येक मृत्यू एकवीस दिवसांत कळविण्याची सक्ती केली आहे. खेड्यात ती वही ग्रामपंचायतीत असते, शहरात नगरपालिकेत. २०२३ च्या दुरुस्तीने या सर्व नोंदींचा राष्ट्रीय संग्रह करावयाचे ठरले. म्हणजे मेलेल्यांची यादी सरकारपाशी आहे. ती यादी आणि अनुदानाची यादी शेजारी ठेवून पाहणे, हे काम सरकारचे की सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईचे?

यावर उत्तर येते की सगळे मृत्यू नोंदले जात नाहीत, आणि मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलणारे लोक आहेत. आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण मग घरी जाऊन पाहावे. गावात तलाठी आहे, ग्रामसेवक आहे, कोतवाल आहे, अंगणवाडीची बाई आहे. मनुष्यबळ नाही ही सबब आम्हांस सांगू नये; कारण २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा पंचाऐंशी वर्षांवरील मतदार म्हणून आत्यांच्या घरी आधी नमुना भरून घेण्यास माणूस आला, आणि मग मतपत्रिका घेऊन चौघे आले. त्यांत एक पोलीस होता व एक चित्रीकरण करणारा. आत्यांनी सर्वांस चहा दिला. ही सोय उत्तम आहे, तिची थट्टा आम्ही करीत नाही. परंतु मत घेण्यासाठी जे राज्य ओसरीवर येऊन बसते त्यास पंधराशे रुपये देताना तेच घर सापडत नाही, याचा अर्थ काय समजावयाचा?

आमच्या वाचकांतील इंग्रजी इतिहासाचे शौकीन येथे आयर्लंडची आठवण काढतील. १९०८ साली ब्रिटिश पार्लमेंटने वृद्धांच्या निवृत्तीवेतनाचा कायदा केला, आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबास आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम पोस्टातून मिळू लागली. आयर्लंडात जन्माची सार्वत्रिक नोंद १८६४ पासूनची. सत्तरीच्या म्हाताऱ्यांपाशी दाखले कोठून असणार? तेव्हा १८४१ व १८५१ च्या खानेसुमारीची सरकारी दप्तरे चाळून अर्जदारांची वये काढून देण्यात आली. १८३९ च्या जानेवारीतले महावादळ तुम्हांस आठवते काय, असे विचारून वय ठरविल्याच्या हकीकतीही सांगतात. त्यांत काहींनी थापा मारल्या असतील. तरीही परकी म्हणून ज्या सत्तेला आयरिश माणूस शिव्या देई, तिने दप्तर स्वतः उघडले, ही गोष्ट राहतेच.

आणि आपल्याकडे? उत्तर प्रदेशातील आझमगड जिल्ह्याच्या लाल बिहारी नावाच्या गृहस्थास १९७६ च्या सुमारास समजले की महसुली दप्तरात आपण मृत आहो. जमिनीच्या लोभाने आप्तांनीच तशी नोंद करविली होती. आपण जिवंत आहो हे सरकारास पटविण्यासाठी त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावले, निवडणुका लढविल्या, आणि १९९४ साली ते दप्तरात पुन्हा जन्मास आले. अठरा वर्षे! लोक ही हकीकत विनोद म्हणून सांगतात.

आमच्याच वर्गातील एक आक्षेप राहिला. कित्येक स्नेह्यांनी तो आम्हांस तोंडावर विचारला: तुम्ही पगारदार प्राध्यापक, पंधराशे रुपये तुम्हीच का देत नाही? देतो. धान्य व औषध आमच्याकडून जाते आणि आत्या ते घेतात. परंतु त्या १,५०० रुपयांतून त्या आम्हांस न विचारता खर्च करतात. शेजारच्या पोरीला वह्या घेतात, वारकऱ्यांच्या पंगतीला गूळ देतात. पुतण्याचे ते पुतण्याचे, हे माझे, असे त्या म्हणतात. आणि रक्कम तरी केवढी? २०१९ पर्यंत ६०० रुपये, मग १,०००, २०२३ पासून १,५००. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचा वाटा १९९५ साली ७५ रुपये होता, २००६ साली २०० झाला, आणि ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी पुढे कित्येक वर्षे तेथेच थांबला. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची. भागाकार केला तर दिवसाला अठ्ठावन्न रुपये पडतात. आमचा महागाईभत्ता वर्षातून दोनदा वाढतो. तो सहा महिने अडकला तर आम्ही काय काय करतो, ते वाचकांस सांगावयास नको.

दाखला पेन्शनरांसही द्यावा लागतो, हे खरे. पण त्यांच्यासाठी २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही सोय निघाली, आणि आज आमचे निवृत्त सहाध्यायी घरबसल्या दूरध्वनियंत्रापुढे चेहरा धरून जिवंत ठरतात. ज्याच्या घरी यंत्र आहे, मुलगा आहे, सून आहे, त्याच्यासाठी नियम सौम्य. एकट्या म्हातारीला मात्र भाड्याच्या जीपमधून तालुक्याचे गाव. अंगठा न जुळल्यास दुसरी वाट काढावी, अशा सूचना निघालेल्या आहेत. आम्ही त्या वाचल्या आहेत. केंद्रातील मुलापुढच्या पडद्यावर त्या दिसत नाहीत, आणि पडद्यावर जे दिसत नाही ते करण्याचा अधिकार त्या मुलाला कोणी दिलेला नाही.

आत्यांचे नाव आठव्या महिन्यात पुन्हा लागले. मधल्या सात महिन्यांचे १०,५०० रुपये मात्र मिळाले नाहीत. त्या अवधीत लाभार्थी यादीत नव्हता, असे उत्तर आले. आत्यांनी तो विषय सोडून दिला आहे. आम्ही तिसरा अर्ज गेल्या सोमवारी दिला, पोच मिळाली. परत येताना जीपमध्ये आत्यांनी विचारले की यंदाचा दाखला द्यायला कधी यायचे.