झिंगाटला नाक मुरडण्यापूर्वी
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या हिवाळ्यात एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आमचा समूहगीताचा गट गेला होता. आम्ही 'जोगवा' चित्रपटातले 'लल्लाटी भंडार' घेतले होते. एक हलगी, मागून आणलेले एक संबळ आणि आठ गळे, एवढीच आमची तयारी. बक्षीस मिळाले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही; दुसऱ्या कडव्यात आम्ही लयीतून सुटलो होतो आणि ते आम्हालाही कळले होते. पण निकालानंतर परीक्षकांपैकी एक गृहस्थ आमच्याजवळ आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मुलांनो, आवाज आहे तुमच्याकडे. पण हे सिनेमातले सोडा. काही अभिजात घ्या. तुमची सगळी पिढीच झिंगाट झाली आहे."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. प्रेमाने सांगितलेली गोष्ट घरापर्यंत बरोबर येते. ट्रान्स हार्बरच्या गाडीत कोपरखैरणे येईपर्यंत आमच्यापैकी कोणी फारसे बोलले नाही. संबळ मांडीवर घेऊन बसलो होतो. ते दुसऱ्या दिवशी परत करायचे होते, कारण ज्यांचे होते त्यांचा मंगळवारी गोंधळ होता.

वाचकमित्रहो, हा लेख त्या गृहस्थांना उत्तर म्हणून लिहीत आहे असे समजा. अजय-अतुल यांची वकिली मी करावी एवढे ते लहान नाहीत, आणि एवढा मोठा मीही नाही. तरी 'अभिजात' आणि 'सिनेमातले' या दोन शब्दांच्या मध्ये जी भिंत घातली जाते, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. 2024 च्या ऑक्टोबरात मराठी भाषेला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजातही पेढे वाटले गेले. भाषा अभिजात, पण त्याच भाषेत हलगीवर म्हटलेले गाणे मात्र थिल्लर, हे गणित मला सुटत नाही.

अतुल गोगावले यांचा जन्म 1974 चा, अजय यांचा 1976 चा. वडील महसूल खात्यात नोकरीला. राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर या पुणे जिल्ह्यातल्या गावांत दोघा भावांचे लहानपण गेले. घरात गाण्याचे घराणे नाही आणि वाद्य घ्यावे अशी ऐपतही नाही. म्हणून ज्याच्या घरी वाद्य आहे त्याच्याशी दोघे मैत्री करीत. कोणाची पेटी, कोणाचा ढोलक. शाळेत एन.सी.सी.च्या बँडमध्ये एका ठरलेल्या चालीची त्यांनी आपल्या मनाने वेगळी मांडणी केली आणि बक्षीस मिळवले. देवळातली भजने, लग्नातले बँड, जिथे वाजते तिथे हे दोघे. पुढे वडिलांनी कीबोर्ड घेऊन दिला.

हा भाग मी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवला. आण्णा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत आणि आमचे गाव जुन्नर तालुक्यातले. पाठीवर गोण्या वाहून आलेला माणूस जेवताना सहसा बोलत नाही. पण ताटावरून मान वर करून ते म्हणाले, "मंजी आपल्या तिकडलीच की रं पोरं." आणि मग थोड्या वेळाने, "पेटी मागायला गेल्यावर लोक देत हुते व्हय?" पहिल्या वाक्याचा मला अभिमान वाटला. दुसऱ्या वाक्याने मात्र मी अडकलो. संबळ मागायला मी तीन घरे फिरलो होतो. त्यांतल्या दोन घरांतून नाही म्हटले गेले, आणि नाही म्हणणाऱ्यांचे काही चुकले असेही नाही. पोटाचे साधन कोण परक्या पोराच्या हाती देईल?

2001 साली त्यांचा 'विश्वविनायक' हा संग्रह आला. एस.पी. बालसुब्रह्मण्यम् आणि शंकर महादेवन यांचे आवाज, गणपतीची संस्कृत स्तोत्रे आणि मागे भरगच्च वाद्यमेळ. म्हणजे ज्यांना आपण झिंगाटवाले म्हणतो त्यांची सुरुवातीची ओळख संस्कृत स्तोत्रांनी झाली, हे आमच्या परीक्षकांना कोणीतरी सांगायला हवे होते. 2004 मध्ये 'अगं बाई अरेच्चा!' आणि 'सावरखेड एक गाव' आले. 'मल्हारवारी' अजय यांनी स्वतः गायले. त्या आवाजाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. तो कमावलेला गोड आवाज नव्हे. जागरणाला रात्रभर गाऊन पहाटे जसा घसा लागतो, तसा तो लागतो. 2006 मध्ये 'जत्रा'तले 'कोंबडी पळाली' आले आणि तेच गाणे 2012 च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन देशभर वाजले. माझ्या मते त्यात गाण्याचे भले झाले, पण कोंबडी गेली. चाल तीच, ठेका तोच. मात्र आनंद शिंदे यांच्या आवाजात जो चावटपणा निर्मळ वाटतो तो हिंदीत झगमगाटाखाली दबला. हे माझे मत आहे. माझ्या बहिणीला पटत नाही.

'जोगवा' मात्र वेगळाच आहे. यल्लम्मेला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणीची ती गोष्ट. नाचगाण्याला जागा होती म्हणून केलेली ती गाणी नाहीत. त्या माणसांची पूजाच गाण्यातून चालते, म्हणून गाणी आली. 2008 सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'जोगवा'ला संगीताचा पुरस्कार मिळाला, आणि 'जीव रंगला'साठी हरिहरन व श्रेया घोषाल या दोघांनाही गायनाचा. पाठोपाठ 2010 च्या आरंभी आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' आला. 'खेळ मांडला' ऐकताना आमच्या चाळीतली बायामाणसे गप्प होतात हे मी पाहिले आहे. ज्या तमाशाचे नाव घरात घ्यायचे नाही, त्याची ढोलकी दिवाणखान्यात आली. हे काम कित्येक परिसंवादांनी झाले नव्हते.

आणि मग 2016 चा 'सैराट'. करमाळ्याच्या बाजूची विहीर, शेते, शाळा. आणि त्यांच्यामागचा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला लॉस एंजलिसला, साठाहून अधिक वादकांचा. 'याड लागलं' सुरू होते तेव्हा त्या व्हायोलिनांना ठाऊक नसते की पळणारा पोरगा मासे धरणाऱ्याच्या घरातला आहे. पण एरवी राजपुत्राच्या प्रेमाला मिळते ती सगळी इतमामाची सलामी ती त्याला देतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी आठवी-नववीतही नव्हतो, मला काही कळले नव्हते. फक्त अंगावर काटा आला होता. आता वाटते, ते नुसते श्रीमंतीचे प्रदर्शन नव्हते. त्याच चित्रपटात 'झिंगाट' आहे, आणि लोकांनी तेवढेच घरी नेले. वरातीत झिंगाट वाजते, याड लागलं वाजत नाही. यात दोष संगीतकाराचा किती आणि वरातीचा किती? 'धडक'मध्ये 2018 साली ते हिंदीतही गेले. आता त्याला कोणी थांबवू शकत नाही.

इथपर्यंत परीक्षकांशी माझे भांडण झाले. आता थोडे माझ्या मित्रांशी.

आमच्या गटात एक वाक्य सारखे बोलले जाते : "अजय-अतुल कुठे शिकले होते?" हे वाक्य बोलून तालमीला उशिरा येण्याची सोय होते. पण याचा अर्थ ते शिकले नाहीत असा कसा होतो? शिकवणी नव्हती, म्हणून त्यांना जिथे तिथे शिकावे लागले. ज्यांना ते आपला आदर्श मानतात ते इळयराजा तमिळनाडूतल्या पन्नैपुरम या खेड्यातून आले, तरी मद्रासला धनराज मास्तरांपाशी बसून पाश्चात्त्य संगीताची बाराखडी गिरवली. त्याच इळयराजांची सिंफनी 2025 च्या मार्चमध्ये लंडनला वाजली. आमच्या घरात मी पहिला कॉलेजात आलो. घरात शिकवणारे कोणी नाही म्हणून मी ग्रंथालयात जास्त वेळ बसतो. कमी बसलो तर चालेल असे मला कोणी सांगितलेले नाही.

अजय-अतुल यांच्याविषयीही मला एक खंत आहे, आणि ती एकट्या त्यांची नाही, सगळ्या चित्रपटसंगीताची आहे. पोस्टरवर संगीतकाराचे नाव येते, गायकाचे येते, गीतकाराचे बारीक अक्षरात येते. हलगी कोणी वाजवली? संबळ कोणाचे? परदेशी वादकांचे कौतुक बातम्यांतून झाले, ते योग्यच झाले. पण आपल्या गोंधळ्याचे, आपल्या हलगीवाल्याचे नाव रसिकाच्या तोंडी यायला अजून किती चित्रपट लागतील? ज्यांनी संबळ आम्हाला दिले ते काका बेलापूरपासून दिघ्यापर्यंत लग्नसराईत हिंडतात. नाव विचारले तर म्हणतात, "संबळवाले म्हणा, तेवढं पुरे."

म्हणून शेवटी मूळ मुद्दा वाद्यांचा आहे, अभिरुचीचा नाही. आवड सुधारा असे सांगणे सोपे आहे; त्याला खर्च नाही. आमच्या कॉलेजात ग्रंथालय आहे, कार्डावर दोन पुस्तके पंधरा दिवस घरी मिळतात. माझ्या घरात पुस्तक नव्हते, तरी मी 'नटरंग' कादंबरी वाचली ती त्या कार्डावर. मग वाद्य का नाही? वरच्या मजल्यावर जिन्यापाशी एक कपाट आहे. त्यात एक हार्मोनियम, तबल्याची एक जोडी, दोन ताशे आणि एक बुलबुलतरंग, म्हणजे आपला बेंजो, इतके सामान आहे. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात ते उघडते आणि नंतर वर्षभर बंद असते. यंदा उघडले तेव्हा हार्मोनियमच्या भात्याला कसर लागलेली होती. वाजवून वाद्य झिजते खरे, पण न वाजवता ते मरते, हे मला बेंजो पार्टीतल्या एका दादाने सांगितले होते. त्या दिवशी भात्याकडे पाहून पटले.

रोज सायंकाळी तास संपल्यावर एक तासभर कपाट उघडे ठेवावे, वहीत सही करून वाद्य द्यावे, मोडले तर भरून घ्यावे. वर एक हलगी आणि एक संबळ विकत घ्यावे. आम्ही वर्गणी काढायला तयार आहोत. संबळ मिळाले तर शिकवायला यायचे काकांनी कबूल केले आहे, फक्त लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी.

तसा अर्ज जानेवारीत दिला आहे. त्यावर अठरा सह्या आहेत. कपाटाची किल्ली ऑफिसात आहे.