नाव भयंकर, जीव गरीब



अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस. मुलांनी तो पुस्तकात पाहिला असेल. त्याचा एक दुर्मिळ नातलग समुद्रात ६०० ते ९०० मीटर खोल काळोखात राहतो. लांबी जेमतेम एक फूट. शास्त्रीय नाव व्हॅम्पायरोट्यूथिस इन्फर्नॅलिस. अर्थ काय, तर 'नरकातला रक्तपिपासू माकूळ'!

१८९८-९९ च्या 'वाल्दिव्हिया' जहाजाच्या सफरीत हा जीव जाळ्यात सापडला. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल चुन यांनी १९०३ साली त्याला हे नाव दिले व अष्टपादांत घातले. काळपट तांबूस रंग, मोठाले डोळे, आठ बाहूंना जोडणारी झग्यासारखी कातडी. रूप तसे नाव पडले.

पुढे घोटाळा वाढला. जाळ्यातून येणारे नमुने मऊ व फाटलेले असत. शिवाय लहानपणी या जिवाला परांची एक जोडी असते, मग दोन होतात, मोठेपणी पुन्हा एकच उरते. त्यामुळे निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी निरनिराळी नावे दिली. एकाच माणसाची दहा नावांनी खाती उघडावीत, तसे झाले!

हा हिशेब ग्रेस पिकफोर्ड या विदुषीने जुळवला. नमुने एकमेकांशी ताडून त्यांनी दाखवले की, ही सारी एकच जात आहे. तो जीव माकूळ नाही, खरा अष्टपादही नाही. आठ बाहूंखेरीज त्याला दोन लांब तंतू असतात. म्हणून १९३९ मध्ये त्यांनी त्याच्यासाठी वेगळा गण मांडला. तो आजही मान्य आहे. या गणाचे जवळचे नाते मात्र अष्टपादांशीच आहे.

त्या तंतूंचे काम काय, हे २०१२ मध्ये कळले. कॅलिफोर्नियातील संशोधक होविंग व रॉबिसन यांनी दाखवले की, वरून झिरपणारे मेलेल्या जीवांचे कण आणि विष्ठा हा प्राणी तंतूंवर गोळा करतो, चिकट द्रवात त्यांचे गोळे वळतो आणि खातो. रक्त तो पीतच नाही!

समुद्राचा केरकचरा उचलणाऱ्याच्याच वाट्याला नरकाचे नाव आले. हे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. शास्त्राच्या नियमाने पहिले नाव सहसा बदलत नाही. पण तपासणी झाली आणि खरी ओळख पटली. मुलांनो, नाव ऐकून कोणाचीही पारख करू नका. आधी नीट पाहा, ताडून घ्या, मगच मत बनवा.