सगळ्यांना जमेल असा रविवार

‘एकदा भेटू या रे’ असं ग्रुपवर कुणीतरी टाकतं. पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस पडतो. मग तारखेचा विषय निघतो आणि सगळे शहाणे होतात. एकाचं ऑफिस, दुसऱ्याच्या मुलीची परीक्षा, तिसऱ्याला बंगळुरूहून यायचं तर गाडीचं तिकीट नाही. एखादा हौशी चार रविवारांचा पोल टाकतो आणि चारही रविवारी कुणीतरी अडकलेला असतो. सगळ्यांना जमेल असा रविवार ही पंचांगात नसलेली तिथी आहे.

आषाढी एकादशी पोल टाकत नाही. पेरण्या उरकल्या असोत वा पाऊस दडी मारून बसलेला असो, आळंदीहून पालखी ठरल्या तिथीला हलते. ज्याला जमेल तो येतो. न जमलेला माणूस घरी बसून ‘यंदा वारी चुकली’ म्हणून हळहळतो. ही हळहळ मला फार मोलाची वाटते, कारण आपल्या न झालेल्या भेटींबद्दल आपल्याला तेवढीही होत नाही.

भक्तीविषयी बोलताना आपण भाव, तळमळ, ओढ यांच्याविषयी भरभरून बोलतो आणि शिस्तीचा विषय टाळतो. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार होते. कुणी कुठे चालायचं, मुक्काम कुठे, निघायचं कधी, हे फौजेतल्या माणसाला सुचावं तसंच बांधलेलं आहे. रथापुढे २७ दिंड्या, मागे शेकडो, आणि प्रत्येकीचा क्रम ठरलेला. दिंडीत भिशी भरली की तुमचं जेवण, तुमचा तंबू आणि तुमची रांग पक्की. तिथे तुम्ही नसलात तर जागा रिकामी दिसते.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते, ती तर मुद्दाम पाहावी. दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि एवढा मोठा जमाव गप्प होतो. एखादी दिंडी मात्र टाळ वाजवतच राहिली, तर तिची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो. मग हरवल्या-सापडल्याची यादी पुकारली जाते: कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, हल्ली मोबाइलसुद्धा. उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि मगच आरती. देवाच्या आधी माणसांचा हिशेब! व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये आता १०२४ माणसं मावतात. त्यातला एखादा महिनाभर गप्प असेल तर कुणाच्या लक्षात येतं? आणि रुसून बसलेल्याने टाळ वाजवायचे कुठे? तो मुकाट्याने ‘लेफ्ट’ होतो.

यावर सुशिक्षितांचं उत्तर ठरलेलं असतं. देव सगळीकडे आहे, मैत्री मनात असते, प्रत्यक्ष जायलाच हवं असं कुठे आहे? हा वाद मोबाइलच्या कितीतरी आधीचा. नामदेवांच्या ‘तीर्थावळी’च्या अभंगांत ज्ञानदेव स्वतः त्यांच्या घरी येतात आणि तीर्थयात्रेला सोबत चला म्हणतात. ज्ञानदेवांना देव चराचरात दिसतो. नामदेवांना मात्र विटेवरचाच हवा, त्याला सोडून जायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. अखेर पांडुरंगच त्यांना ज्ञानदेवांच्या हवाली करतो आणि दोघे निघतात. तत्त्वज्ञान ज्ञानदेवांच्या बाजूने होतं, हे खरं. पण सोबतीसाठी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले तेही ज्ञानदेवच.

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि बाकीच्या महाराष्ट्राने ते टीव्हीवर आणि फोनवर पाहिलं. त्या वर्षी ते योग्यच होतं. गुडघे गेलेल्या आजीला किंवा परदेशातल्या लेकीला रोजचं ऑनलाइन दर्शन हा खरा आधार आहे, त्याला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण निर्बंध उठले तेव्हा तीच माणसं पदस्पर्शाच्या रांगेत पुन्हा तासन् तास उभी राहिली. पडद्यावर मूर्ती अधिक स्पष्ट दिसते, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

नुसतं जवळ आल्याने सगळं साधतं असा भाबडेपणाही नको. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला, त्यात त्यांना हेच खुपलं होतं. एकाच वाटेने, तेच अभंग म्हणत चाललेले ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत. पण हे त्यांना खुपलं, कारण त्या तिथे होत्या. पुण्यात बसून असं काही खुपत नाही.

शहरात, नोकरीच्या धबडग्यात हे कसं जमायचं, असं विचारणाऱ्यांनी मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं पाहावीत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, खांद्याच्या पिशवीत टाळ. बँकेतला कारकून, कारखान्यातला फिटर आणि मंत्रालयातला शिपाई एका ठेक्यावर येतात. शेजारच्या प्रवाशाला झोप हवी असते, त्याची कुरकुरही खोटी नाही. पण ही मैत्री टिकते, कारण ती कुणाच्या सवडीवर सोडलेली नाही. गाडी सुटायची तेव्हा सुटते. रजेवर जाणारा आदल्या दिवशी सांगून जातो, आणि न सांगता कुणी गैरहजर राहिला तर दादर यायच्या आत त्याच्या खिशातला फोन वाजतो: ‘काय बुवा, तब्येत बरी आहे ना?’