कौतुक पुरे झाले, आता खेळाविषयी बोलू

२० जानेवारी २०२२ची संध्याकाळ मला अजून आठवते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या आशियाई चषकात भारत आणि इराण समोरासमोर होते. घरी मी आणि माझी मुलगी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून सामना बघत होतो. ती तेव्हा सहावीत होती. इराणचा संघ या स्पर्धेत पहिल्यांदाच आलेला. संधी आपल्याला जास्त मिळाल्या, पण गोल एकही झाला नाही. शेवटच्या अर्ध्या तासात तर चेंडू पायाशी आला की उंच उडवायचा आणि पुढे एकटीने त्याच्यामागे पळायचे, एवढेच चालले होते. मुलगी वैतागून म्हणाली, "अम्मी, ये लोग एक-दूसरे को देते क्यूँ नहीं?"

सामना ०-० सुटला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हीच तक्रार केली, तर एक सहकारी म्हणाले, "अहो, आपल्या मुली एवढ्या खेळतात हेच खूप आहे."

माझे भांडण या "हेच खूप आहे"शी आहे.

हे वाक्य वरून मायेचे दिसते, पण त्याच्या आत अपमान आहे. पुरुषांचा क्रिकेट संघ हरला की चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा कोणी कुठे फटका चुकवला ते सांगतो. तिथे "पोरं मैदानात उतरली हेच खूप" असे कोणी म्हणत नाही. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्यावर माणूस रागावतो. वर्गातल्या ज्या मुलाची वही मी न तपासता "छान" लिहून परत देते, त्याच्यावरची माझी आशा संपलेली असते. महिला फुटबॉल संघाच्या वहीवर आपण वर्षानुवर्षे असेच "छान" लिहीत आलो आहोत.

आता वही तपासू. ज्या इराणविरुद्ध आपल्याला गोल करता आला नाही, त्याच इराणवर पुढच्या दोन सामन्यांत चीनने ७ आणि चायनीज तैपेईने ५ गोल केले. आपल्या संघात करोना शिरला, खेळायला पुरेशा मुली उरल्या नाहीत आणि यजमान असून आपण स्पर्धेबाहेर गेलो. ते दुर्दैव होते, मान्य. पण त्या ०-०ला करोना जबाबदार नव्हता. दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धा आपण २०१० ते २०१९ सलग पाच वेळा जिंकलो. २०२२ मध्ये बांगलादेशने ३-० आणि उपांत्य फेरीत नेपाळने १-० असे हरवले. २०२४ मध्ये पुन्हा बांगलादेशकडून ३-१ हार, आणि पुन्हा नेपाळने उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआऊटवर बाहेर काढले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शिलाँगला इराण पुन्हा भेटला. या वेळी बरोबरीही नाही, ०-२.

हरणे मी समजू शकते, खेळात कोणीतरी हरणारच. मला त्रास होतो तो हरण्याच्या पद्धतीचा. गोलरक्षकाकडे चेंडू आला की लांब लाथ. बचावातल्या मुलीवर कोणी धावून आले की लांब लाथ. मधल्या फळीतल्या मुली मान वर करून डोक्यावरून जाणारा चेंडू बघत राहतात. समोरच्या उंच बचावपटू तो आरामात परत पाठवतात, आणि आपण पुन्हा बचावाला. नव्वद मिनिटे असे चालले की साठाव्या मिनिटाला पाय जड होतात. मग लोक म्हणतात, "स्टॅमिना कमी पडला." चेंडू आपल्याकडे राहिला असता तर पळायला इराणच्या मुलींना लागले असते!

मी भाषा शिकवते, म्हणून मला ही लांब लाथ ओळखीची वाटते. ज्या मुलाला चुकीची भीती असते ते निबंधात पाठ केलेली चार वाक्ये लिहून मोकळे होते. स्वतःचे वाक्य लिहिले तर चुकेल, लाल शाई येईल, सगळे हसतील. छोटा पास म्हणजे स्वतःचे वाक्य. चुकला तर थेट आपल्याच गोलवर संकट, आणि नाव त्या मुलीचे. लांब लाथ चुकली तर कोणी विचारत नाही. पाठांतरासारखीच ती सुरक्षित असते आणि पाठांतरासारखीच ती कुठे पोचत नाही.

कुणी म्हणेल, मुलींना जमतच नसेल तर? नोव्हेंबर २०२१ मध्ये मानाउसला ब्राझीलविरुद्धचा सामना आठवा. आपण ६-१ हरलो, पण सुरुवातीलाच मनीषा कल्याण चेंडू पायात ठेवून धावली आणि ब्राझीलच्या जाळ्यात गोल मारला. जुलै २०२५ मध्ये चियांग माईला थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवले, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्यामुळेच पात्रता फेरी खेळून आपण आशियाई चषकात गेलो. त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले. म्हणूनच सांगते, जमत नाही हे खोटे आहे. जमवून घेण्याचा सराव मिळत नाही, हे खरे आहे.

सराव कुठून मिळणार? देशाच्या सर्वांत वरच्या महिला लीगमध्ये २०२४-२५च्या हंगामात ८ संघ होते. म्हणजे एका संघाला अख्ख्या वर्षात १४ सामने. यातून दबावाखाली शांत राहायला मुलगी कधी शिकणार? आशियाई स्पर्धेत १९८३ मध्ये उपविजेता असलेला हा देश. पुढे एक वेळ अशी आली की सामनेच न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून आपले नाव गेले. प्रशिक्षक बदलतात, स्वीडनहून आणतात, तेही जातात. पण वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी जो पास शिकायचा, तो पंचविसाव्या वर्षी तीन आठवड्यांच्या शिबिरात कोणी शिकवू शकत नाही.

बांगलादेशकडे बघा. तिथे प्राथमिक शाळांच्या मुलींसाठी देशभराची स्पर्धा सुरू झाली. मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर या गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेने त्यासाठी मुली तयार केल्या, आणि त्याच शाळेतल्या अनेक मुली पुढे राष्ट्रीय संघात गेल्या. तिथे सगळे गोड आहे असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये जयपूरहाट जिल्ह्यात महिलांचा सामना होऊ नये म्हणून मैदानाची तोडफोड झाली, धर्माच्या नावाने झाली. मी मुसलमान आहे म्हणून ते लपवणार नाही. पण त्याच देशाच्या मुलींनी त्याच वर्षी म्यानमारला हरवून प्रथमच आशियाई चषक गाठला. एका गावातली शाळा हे करू शकते. आपल्या शाळा कुठे आहेत?

इथे आपल्या लोकांनाही दोन गोष्टी ऐकवायच्या आहेत. इराणच्या सामन्यानंतर मला सर्वांत जास्त प्रश्न कशाचे आले असतील? त्या मुलींच्या स्कार्फचे! एक म्हणाले, "बघा, पर्दा करूनही खेळता येते." दुसरे म्हणाले, "बिचाऱ्यांवर सक्ती." फिफाने स्कार्फवरची बंदी २०१४ मध्येच उठवली. आपण अजून मुलीच्या डोक्यावरच अडकलो आहोत. पास पायाने द्यायचा असतो, तिच्या पायाकडे कधी बघणार? डोके झाकलेले असो की उघडे, आठवीत गेल्यावर दोन्ही मुलींना मैदानातून घरी बोलावले जाते. यात आपले-त्यांचे काही नाही.

आणि एक कबुली. काही वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगी होती. डाव्या पायाने खेळायची, मुलांना चकवायची, आणि मजा म्हणजे चेंडू मान वर करून, बघून द्यायची. परीक्षा जवळ आली, अभ्यासक्रम राहिला होता, म्हणून त्या वर्गाचा शारीरिक शिक्षणाचा तास मी मराठीच्या व्याकरणासाठी घेतला. एकदा नाही, जवळजवळ दोन महिने. कोणी हरकत घेतली नाही, पालकांनी तर आभार मानले. पुढच्या वर्षी ती मैदानावर दिसली नाही. मी विचारले तर म्हणाली, "टीचर, आदत छूट गई." ती राष्ट्रीय संघात गेली असती असे मी म्हणत नाही. पण फेडरेशनला जाब विचारताना त्या दोन महिन्यांचा जाब मलाही द्यावा लागतो.

मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई चषक आहे. गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. जपान विश्वविजेता राहिलेला संघ. त्यांच्याकडून हरलो तर मी रडणार नाही. पण व्हिएतनामविरुद्ध मी कागद-पेन घेऊन बसणार आहे. आपल्या गोलरक्षकाने किती वेळा चेंडू जवळच्या मुलीला दिला आणि किती वेळा लांब उडवला, ते मोजणार आहे. चार गोल खाऊनही मुली पास देत राहिल्या तर टाळ्या वाजवीन. ०-० राखण्यासाठी नव्वद मिनिटे लाथा मारल्या तर पुन्हा इथेच येऊन भांडेन, आणि "हेच खूप आहे" म्हणणाऱ्यांशी आधी भांडेन.

तोवर माझ्या हातात आहे तेवढे करते. बुधवारी सातवीचा शेवटचा तास शारीरिक शिक्षणाचा असतो. विज्ञानाच्या सरांनी परवा तो मागितला. मी वर्गशिक्षिका आहे. दिला नाही.