लेश्यावृक्षाचं चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावा



षट्लेश्येचं चित्र आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेलं आहे. फळांनी लगडलेलं एक झाड आणि रानात वाट चुकलेली सहा भुकेली माणसं. एक मुळावरच कुऱ्हाड घालायला निघालाय, दुसरा खोडावर, तिसरा मोठी फांदी तोडतोय, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळं तोडतोय आणि सहावा खाली पडलेली फळं वेचून खातोय. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या गोम्मटसार जीवकांडात हा दृष्टांत आहे. म्हणजे हजार वर्षांहून जुना. चित्रकार बहुधा जांभळाचं झाड काढतात आणि त्या सहा जणांना त्यांच्या लेश्येचे रंग देतात.

तीर्थयात्रेहून असं पोस्टर आपण हौसेने आणतो. मग ते गुंडाळी करून, रबर लावून कपाटावर पडून राहतं. कधी बाहेर निघालंच, तर घरात दोन मतं होतात. एक म्हणतं, धार्मिक चित्र आहे, देवघरात लावा. दुसरं म्हणतं, हॉलमध्ये सोफ्याच्या वर शोभेल. मला दोन्ही पटत नाही. हे चित्र जिथे आपण जेवतो तिथे, समोरच्या भिंतीवर लावावं.

काही जणींना यात अविनय वाटेल. जिनप्रतिमेच्या चित्राबद्दल ही शंका अगदी रास्त आहे. असं चित्र उष्ट्या-खरकट्याजवळ लावूच नये. पण लेश्यावृक्षात पूजा करण्याजोगी प्रतिमा नाही. तो धडा आहे, आणि धडा भुकेचाच आहे. सहाही जण सारखेच भुकेले आहेत, झाडही एकच आहे. फरक आहे तो मनातल्या विचाराचा. पोट भरायला झाडाचं किती नुकसान करायचं, हा प्रश्न ताटावर बसताना पडायला हवा. अर्धी पोळी टाकताना, भाजी आवडली नाही म्हणून आदळआपट करताना समोर ते सहा जण दिसले, तर आईला वेगळं बोलावं लागत नाही. मुलं स्वतःच म्हणतात, "आज तू कृष्ण लेश्या!" आणि खरं सांगायचं तर, दमून भागून स्वयंपाकघरातून बाहेर आल्यावर ते आपल्यालाही पाहावं लागतं.

सोफ्याच्या वर लावलेलं चित्र पाहुण्यांना दिसतं. घरातली माणसं त्याच्याकडे पाठ करून बसतात.

आता उंची. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंमीवर ठेवतात, कारण पाहणारा उभा असतो. आपण बसलेल्या असतो, मुलं बुटकी असतात. म्हणून 120 सेंमीच्या आसपास ठेवा. छताजवळ टांगून फुलांचा हार घातला की चित्र वाचायचं राहूनच जातं.

भिंत निवडताना मात्र ऊन बघा. छापील पोस्टरवर ऊन पडत राहिलं की पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते. रस्त्याकडेची जुनी पोस्टरं निळसर पडलेली दिसतात, ती त्यामुळेच. लेश्यावृक्षात याचा अर्थ काय होतो बघा. पीत आणि पद्म या शुभ लेश्यांचे रंग उडून जातात आणि कृष्ण, नील तेवढ्या ठळक उरतात! म्हणजे चित्राचा धडाच उलटा होतो. म्हणून थेट ऊन येणारी भिंत नको. न्हाणीघराला लागून असलेली, पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही नको. गॅसच्या वरची तर नकोच नको.

फ्रेमवाल्याकडे गेल्यावर चार गोष्टी सांगा. एक, लॅमिनेशन नको आणि हार्डबोर्डवर चिकटवणंही नको. एकदा चिकटवलेलं चित्र पुन्हा सुटत नाही. कोपऱ्यांना कागदी खिसे करून त्यात पोस्टर बसवता येतं. दोन, काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये माउंटची पट्टी हवी, नाहीतर दमट हवेत शाई काचेला चिकटते. माउंट आम्लरहित मिळाला तर उत्तम, त्याने कागद पिवळा पडत नाही. तीन, मागची बाजू कागदी पट्टीने पूर्ण बंद करून घ्या आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल. उघड्या फटीतून कसर शिरते, ओलीने बुरशी धरते, आणि मग साफसफाईत किती जीव मरतात! आधीच फट बुजवणं हा यत्नाचारच आहे.

चौथी गोष्ट आपण विचारायला विसरतो. जोडकामात सरस वापरताय का, हे विचारा. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. माउंटवर रेशमी कापड लावत असतील तर तेही नको. अहिंसेचं चित्र त्या चौकटीत कसं बसवायचं? पर्याय सहज मिळतात, फक्त आपण तोंड उघडायला हवं.

"शंभराच्या पोस्टरला एवढी महाग फ्रेम कशाला, हा परिग्रह नाही का?" असंही कुणी म्हणेल. माझं मत उलट आहे. दरवर्षी नवी पोस्टरं, नवी कॅलेंडरं आणून जुनी रद्दीत घालणं हा परिग्रहही आहे आणि अविनयही. एकच चित्र निवडा, त्याची नीट काळजी घ्या, बाकीच्या भिंती मोकळ्या राहू द्या. चांगली बसवलेली चौकट सुनेच्या, नातवंडांच्या काळापर्यंत टिकते.

कपाटावरची ती गुंडाळी या रविवारी खाली काढा. दोन दिवस जड पुस्तकांखाली सपाट होऊ द्या, मगच फ्रेमवाल्याकडे न्या. आणि लावल्यावर पहिल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला विचारा, आज तू यातला कितवा? उत्तर द्यायची सुरुवात मात्र आपणच करायची.

जय जिनेंद्र!